टेस्लाचं सोडा, आठ लाखांच्या इलेक्ट्रिक गाडीचं गणित जमतंय का?

१५ जुलै २०२५. मुंबईतल्या बीकेसीमध्ये टेस्लाचं भारतातलं पहिलं शोरूम उघडलं. उद्घाटनाला मुख्यमंत्री हजर होते, बाहेर कॅमेऱ्यांची गर्दी होती आणि सोशल मीडियावर दिवसभर दुसरा विषय नव्हता. मॉडेल वाय या गाडीची किंमत सुरू होत होती ५९ लाख ८९ हजारांपासून. एवढ्या पैशांत डोंबिवलीत फ्लॅट येईल की, असे मीम्स फिरले, लोक हसले आणि विषय संपला.

पण भारतात इलेक्ट्रिक गाड्या रुळणार की नाही, हे साठ लाखांच्या गाडीवरून ठरणार नाही. ते ठरेल सात-आठ लाखांच्या गाडीवरून. म्हणजे जो माणूस आज वॅगनआर, टियागो किंवा सेकंडहॅण्ड स्विफ्ट बघतोय, हप्त्याचा हिशोब लावतोय, त्याला इलेक्ट्रिक गाडी परवडते का, हा खरा प्रश्न आहे.

तर या गाड्या आहेत कोणत्या, त्यांची स्पर्धा नेमकी कुणाशी आहे आणि गाडं अडतंय कुठे, हे एकेक करून बघू.

स्वस्त इलेक्ट्रिक गाडी ही काही आजची गोष्ट नाही

२००१ साली बेंगळुरूमध्ये 'रेवा' नावाची चिमुकली इलेक्ट्रिक गाडी बाजारात आली होती. तेव्हा टेस्ला ही कंपनीसुद्धा अस्तित्वात नव्हती. गाडी छोटी, बॅटरी जड आणि एका चार्जमध्ये अंतर कमी. चर्चा खूप झाली, पण विक्री बेताचीच राहिली. २०१० मध्ये महिंद्राने ही कंपनी घेतली आणि २०१३ मध्ये 'ई-टू-ओ' ही पुढची गाडी आणली. तिचीही कथा फार वेगळी झाली नाही.

चित्र बदललं ते सप्टेंबर २०२२ मध्ये. टाटाने टियागो ईव्ही आणली, सुरुवातीची किंमत ८ लाख ४९ हजार. बुकिंग उघडलं त्याच दिवशी १० हजार लोकांनी नोंदणी केली. म्हणजे मागणी नाही, असं म्हणायची सोय उरली नाही.

एप्रिल २०२३ मध्ये एमजीने कॉमेट आणली. दोन दारं, चार सीट, लांबी तीन मीटरपेक्षा कमी आणि किंमत ७ लाख ९८ हजारांपासून. जानेवारी २०२४ मध्ये टाटाची पंच ईव्ही आली, १० लाख ९९ हजारांपासून. मग बॅटरीचे भाव उतरले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत टियागो ईव्ही ७ लाख ९९ हजारांवर, तर कॉमेट ६ लाख ९९ हजारांवर आली.

इतकं सगळं झालं, तर आतापर्यंत रस्त्यावर दर चौथी गाडी हिरव्या नंबरप्लेटची दिसायला हवी होती. पण २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात विकल्या गेलेल्या शंभर कारपैकी इलेक्ट्रिक होत्या जेमतेम अडीच-तीन.

मग घोडं अडलं कुठे? आधी बॅटरीचा हिशोब

इलेक्ट्रिक गाडीतला सगळ्यात महाग भाग म्हणजे बॅटरी. तिची क्षमता किलोवॉट-अवरमध्ये मोजतात. नाव अवघड वाटतं, पण हे म्हणजे तुमच्या लाइटबिलावरचं एक युनिट. टियागो ईव्हीच्या मोठ्या बॅटरीत अशी २४ युनिटं वीज मावते, छोट्या बॅटरीत १९.२.

ब्लूमबर्गएनईएफ ही संस्था दरवर्षी बॅटरीच्या किमतींचा जागतिक सरासरी आकडा काढते. २०२४ मध्ये तो होता युनिटमागे ११५ डॉलर. २०१० मध्ये हाच आकडा हजार डॉलरच्या वर होता. म्हणजे घसरण जबरदस्त आहे. तरी २४ युनिटांना ११५ ने गुणलं की २,७६० डॉलर होतात, आपल्या पैशांत साधारण दोन लाख चाळीस हजार. आठ-नऊ लाखांच्या गाडीत एवढी रक्कम एकट्या बॅटरीची!

वीस लाखांच्या गाडीत मोठी बॅटरी टाकूनही कंपनीला नफ्यासाठी जागा उरते. आठ लाखांच्या गाडीत ती जागा फार कमी असते. म्हणूनच अलीकडे आलेल्या गाड्यांची यादी बघा. चाकणला बनणारी महिंद्राची बीई ६, सुरुवात १८ लाख ९० हजारांपासून. ह्युंदाईची क्रेटा इलेक्ट्रिक, १७ लाख ९९ हजारांपासून. व्हिएतनामच्या विनफास्टची व्हीएफ ६, १६ लाख ४९ हजारांपासून. गाड्या चांगल्या आहेत, पर्यायही वाढलेत. पण दहा लाखांच्या खालचं मैदान बऱ्यापैकी मोकळंच आहे.

चीनला जमतं, मग आपल्याला का नाही?

२०२३ मध्ये चीनमध्ये बीवायडीने 'सीगल' ही छोटी गाडी आणली. पुढच्याच वर्षी तिची किंमत ६९,८०० युआनवर आली, म्हणजे साधारण आठ लाख रुपये. आपल्याकडे त्याच किमतीत १९.२ युनिटांची बॅटरी मिळते, तिथे ३० युनिटांची. पैसे तेवढेच, बॅटरी दीडपट.

याचं मुख्य कारण म्हणजे बीवायडी ही मुळात बॅटरी बनवणारी कंपनी आहे. सेल स्वतःचे, बॅटरी स्वतःची, मोटर स्वतःची आणि लाखांच्या संख्येत उत्पादन. आपल्याकडे बॅटरीची जुळणी होते, पण आतले सेल बहुतांश बाहेरूनच येतात, मुख्यतः चीनमधून. मोटरला लागणाऱ्या खास चुंबकांचंही तेच. एप्रिल २०२५ मध्ये चीनने या चुंबकांच्या निर्यातीवर बंधनं घातली, तेव्हा भारतातल्या वाहन कंपन्यांची धावपळ झाली होती.

टाटा समूहाची अग्रतास ही कंपनी गुजरातमध्ये साणंदला सेल बनवण्याचा कारखाना उभारतेय. असे कारखाने पूर्ण क्षमतेने चालायला लागले, तर स्वस्त गाडीला खरा आधार मिळेल. तोवर आपली स्वस्त गाडी दुसऱ्याच्या दुकानातला माल वापरून त्याच दुकानदाराशी स्पर्धा करतेय.

आणि मग आलं २२ सप्टेंबर २०२५

इलेक्ट्रिक गाड्यांवर २०१९ पासून पाच टक्केच जीएसटी आहे. छोट्या पेट्रोल गाड्यांवर मात्र २८ टक्के जीएसटी आणि वर थोडा सेस लागायचा. इलेक्ट्रिक गाडी बनवायला महाग असली, तरी करातला हा २४-२५ टक्क्यांचा फरक तिला हात द्यायचा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर १८ टक्के झाला आणि सेस गेला. इलेक्ट्रिकचा कर पाच टक्केच राहिला. म्हणजे फरक अर्ध्यावर आला, १३ टक्के.

बाजारात परिणाम लगेच दिसला. मारुतीची एस-प्रेसो साडेतीन लाखांच्या आत आली, वॅगनआर पाच लाखांच्या आत. पेट्रोल टियागो पाच लाखांवरून ४ लाख ५७ हजारांवर उतरली. टियागो ईव्ही मात्र ७ लाख ९९ हजारांपासून. सामान्य ग्राहकासाठी ही चांगलीच बातमी होती. पण स्वस्त इलेक्ट्रिक गाडीसाठी समोरचा पैलवान अचानक जड झाला.

त्यात इलेक्ट्रिक कार घेणाऱ्या खासगी ग्राहकाला केंद्राचं थेट अनुदान नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत दुचाकी, रिक्षा, बस, ट्रक, अ‍ॅम्ब्युलन्स आहेत, खासगी कार नाहीत. इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरच्या व्याजाला दीड लाखांपर्यंत मिळणारी आयकर सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती.

खरा स्पर्धक कोण? पंपावरची सीएनजीची रांग बघा

टियागो ईव्ही भारी की कॉमेट, यावर तासन्‌तास चर्चा चालते. पण पैसे वाचवायचे म्हणून गाडी घेणारा माणूस या दोघींच्या आधी सीएनजी गाडी बघतो. २०२४-२५ मध्ये मारुतीने देशात विकलेल्या दर तीन गाड्यांपैकी एक सीएनजी होती. यावरून काय ते समजा.

आता वहीपेन घ्या. आकडे आपण गृहीत धरू, तुमच्या शहराप्रमाणे ते थोडे इकडेतिकडे होतील.

पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि गाडी शहरात १६ किलोमीटर देते असं धरलं, तर किलोमीटरला साडेसहा रुपये.

सीएनजी ९२ रुपये किलो आणि गाडी २३ किलोमीटर देते असं धरलं, तर चार रुपये.

इलेक्ट्रिक छोटी गाडी, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून, युनिटला सात किलोमीटर जाते असं धरू. घरची वीज १२ रुपये युनिट पडली, तर किलोमीटरला १ रुपया ७० पैसे. बाहेर फास्ट चार्जरवर कर धरून २४ रुपये युनिट पडली, तर ३ रुपये ४० पैसे.

महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याचा खर्च मग असा होतो: पेट्रोल ६,५०० रुपये, सीएनजी ४,०००, बाहेर चार्ज केलेली इलेक्ट्रिक ३,४०० आणि घरी चार्ज केलेली इलेक्ट्रिक १,७००.

आता गाडीच्या किमतीतला फरक. इलेक्ट्रिक गाडी ऑटोमॅटिक असते आणि महाराष्ट्रात तिला मोटार वाहन कर माफ आहे, म्हणून साधारण बरोबरीच्या गाडीशी तुलना केली तर ऑन-रोड फरक थोडा कमी होतो. पेट्रोलपेक्षा इलेक्ट्रिक दोन लाखांनी आणि सीएनजीपेक्षा एक लाखाने महाग धरू. मोठ्या बॅटरीची गाडी घेतली, तर हा फरक वाढेल.

घरी चार्जिंग असेल, तर पेट्रोलच्या तुलनेत महिन्याला ४,८०० रुपये वाचतात. दोन लाख सुटायला साडेतीन वर्षं लागतात. सीएनजीच्या तुलनेत २,३०० वाचतात, एक लाख सुटायलाही तेवढीच वर्षं. रोज ६०-७० किलोमीटर फिरणारा असेल, तर याच्या निम्म्या काळात पैसे वसूल. म्हणजे गणित जमतंय.

पण घरी चार्जिंग नसेल तर? सीएनजीच्या तुलनेत महिन्याला फक्त ६०० रुपये वाचतात. एक लाख सुटायला जवळपास १४ वर्षं! तोपर्यंत गाडीच म्हातारी होईल.

म्हणजे गाडी तीच, माणूस तोच. फरक फक्त पार्किंगमधल्या एका प्लगचा.

तो प्लग आहे कुणाकडे?

छोट्या इलेक्ट्रिक गाडीला घरी काही विशेष लागत नाही. एसीला असतो तसा १५ अँपिअरचा सॉकेट पुरतो. रात्री लावा, सकाळपर्यंत गाडी भरलेली. घरच्या नेहमीच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करायला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुभाही आहे.

स्वतःचा बंगला, रो-हाउस किंवा गावाकडे अंगण असलेलं घर असेल, तर प्रश्नच मिटला. नव्या मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये नावावर पार्किंग असेल, तरी काम होतं. अडचण आहे ती जुन्या सोसायटीत, चाळीत, भाड्याच्या घरात. गाडी रस्त्यावर लागते, घर तिसऱ्या मजल्यावर. वायर सोडायची कुठून? सोसायटीत मीटर कुणाचा, वायरिंगचा खर्च कुणी करायचा, आग लागली तर जबाबदार कोण, यावर बैठकांमागून बैठका होतात. भाडेकरूला तर घरमालकाचीही परवानगी लागते आणि अकरा महिन्यांनी घर बदललं की पुन्हा पहिल्यापासून.

गंमत बघा. वीस लाखांची गाडी घेणाऱ्याकडे बहुतेक वेळा हक्काचं पार्किंग असतं. आठ लाखांची गाडी घेणाऱ्याकडे ते असेलच असं नाही. म्हणजे इंधनाचे पैसे वाचवायची सगळ्यात जास्त गरज ज्याला, त्याच्याकडेच प्लग नाही.

घरी चार्जिंग असलेल्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. हजार किलोमीटरला साधारण १४० युनिटं लागतात आणि महावितरणचे दर स्लॅबप्रमाणे चढत जातात. ही वाढीव युनिटं वरच्या स्लॅबमध्ये गेली आणि १६ रुपयांनी पडली, तर किलोमीटरचा खर्च २ रुपये ३० पैशांवर जातो. तरी सीएनजीपेक्षा कमीच, पण बिल बघून दचकायला नको.

बॅटरी भाड्याने घेतली तर?

सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीने विंडसर ही गाडी आणताना एक वेगळी शक्कल लढवली. गाडी विकत घ्या, बॅटरीचं भाडं किलोमीटरप्रमाणे द्या. विंडसरची किंमत त्यामुळे ९ लाख ९९ हजार दिसू लागली आणि पुढचे अनेक महिने ती देशात सर्वाधिक विकली जाणारी इलेक्ट्रिक कार ठरली. कॉमेटलाही हीच योजना लागली: सुरुवातीला गाडी ४ लाख ९९ हजारांपासून होती आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरला अडीच रुपये होतं.

पाच लाखांत इलेक्ट्रिक गाडी! ऐकायला भारी वाटतं. पण वहीतलं गणित पुन्हा उघडा. अडीच रुपये भाडं, वर घरच्या विजेचे १ रुपया ७० पैसे. झाले ४ रुपये २० पैसे. म्हणजे सीएनजीएवढाच खर्च. बाहेर चार्ज केली, तर ५ रुपये ९० पैसे, पेट्रोलच्या जवळपास.

याचा अर्थ योजना वाईट आहे, असा नाही. सुरुवातीची मोठी रक्कम वाचते आणि बॅटरी खराब झाली तर काय, ही धास्तीही थोडी कमी होते. फक्त पैसे वाचत नाहीत, पुढे ढकलले जातात. करार करताना महिन्याला किमान किती किलोमीटरचं भाडं द्यावंच लागेल, हे आधी विचारा.

पुण्याच्या वेव्ह मोबिलिटी या स्टार्टअपनेही जानेवारी २०२५ मध्ये 'ईव्हा' ही छतावर सोलर पॅनल असलेली चिमुकली गाडी याच पद्धतीने जाहीर केली, किंमत ३ लाख २५ हजारांपासून. तिथेही बॅटरीचं भाडं वेगळं.

टोलमाफीचं काय?

महाराष्ट्राच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी आहे. एक्स्प्रेसवेवर कारला एका बाजूचा टोल ३२० रुपये. दर आठवड्याला पुणे-मुंबई जाऊन येणाऱ्याचे महिन्याला अडीच हजारांच्या वर वाचू शकतात. सवलत तगडी आहे.

पण तीही महामार्गावर फिरणाऱ्याला. टियागो ईव्हीची मोठी बॅटरी कागदावर ३१५ किलोमीटर सांगत होती, प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास धरून चालावं. पुण्याहून मुंबईला आरामात पोचाल, परत यायला मुंबईत चार्जिंग करावंच लागेल. फास्ट चार्जरवर १० ते ८० टक्के व्हायला साधारण तास जातो. कॉमेटमध्ये तर फास्ट डीसी चार्जिंगची सोयच नाही. ती गाडी शहरातच वापरायची, असं धरूनच बनवलीय.

म्हणजे टोलमाफीचा खरा फायदा पुन्हा मोठ्या बॅटरीच्या, महागड्या गाडीवाल्याला. पाच टक्के जीएसटीचंही तेच. गाडी जितकी महाग, तितकी रुपयांत सूट जास्त. आठ लाखांची गाडी चाललीच नाही, तर सरकारने सोडून दिलेला हा सगळा कर आणि टोल आधीच वीस-पंचवीस लाख खर्च करू शकणाऱ्यांच्या खिशात जाईल. आणि पेट्रोलचे दर वाढले की चटका बसणारा माणूस पंपावरच उभा राहील. स्वस्त इलेक्ट्रिक गाडीचा विषय एवढ्यासाठी महत्त्वाचा आहे.

तर मग घ्यावी की नको?

सरळ सांगायचं तर तीन प्रश्नांची उत्तरं द्या.

रात्री गाडी जिथे उभी राहते, तिथे तुमच्या मीटरवरचा प्लग आहे का? रोजचं फिरणं चाळीस-पन्नास किलोमीटर किंवा जास्त, पण दीडशेच्या आत आहे का? आणि गाडी किमान पाच वर्षं ठेवणार आहात का? कारण जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांचा बाजार अजून नीट बसलेला नाही आणि लवकर विकायला गेलात, तर भाव कमी येऊ शकतो. बॅटरीची भीती मात्र थोडी बाजूला ठेवा. टियागो ईव्हीच्या बॅटरीवर आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे.

तिन्ही उत्तरं 'हो' असतील, तर छोटी इलेक्ट्रिक गाडी आजही पैसे वाचवते. पहिलंच उत्तर 'नाही' असेल, तर सध्या सीएनजी घेणारा माणूस मागासलेला वगैरे नाही, त्याचा हिशोब पक्का आहे.

बॅटरी पुढेही स्वस्त होत जाईल, सेल इथे बनतील, नवीन गाड्या येतील. किमतीतला दोन लाखांचा फरक एक लाखावर आला, तर पेट्रोलशी होणारी कुस्ती इलेक्ट्रिक गाडी मारेल. पण बॅटरी कितीही स्वस्त झाली, तरी तिसऱ्या मजल्यावरून रस्त्यावर वायर सोडता येत नाही. ते काम सोसायटीच्या बैठकीत, महापालिकेच्या पे-अँड-पार्कमध्ये आणि रस्त्याकडेच्या विजेच्या खांबाजवळ व्हायला हवं.

म्हणून पुढच्या वेळी तुमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत चार्जिंग पॉइंटचा विषय निघाला, तर 'आपल्याकडे कुठे इलेक्ट्रिक गाडी आहे' म्हणून उठून जाऊ नका. तुमची पुढची गाडी कोणती असेल, याचा अर्धा निर्णय तिथेच होतोय.